झिरो बघा, साहेब!

पिंपरी-चिंचवडमध्ये पेट्रोल पंपावर शंभराचं पेट्रोल कुणी मागत नाही. एकशे दहाचं मागतात. चारचाकीवाला असेल तर हजाराऐवजी एक हजार दहाचं. कारण प्रत्येकाला कुणीतरी, बहुधा कॅन्टीनमध्ये, आवाज खाली आणून सांगितलेलं असतं की शंभर, दोनशे, पाचशे ही बटणं मालकाने 'सेट' केलेली असतात. आडनिडा आकडा सांगितला की मशीन गडबडतं आणि नाइलाजाने खरं पेट्रोल देतं. पूर्वी या व्यवहारात सुट्या पैशांवरून वाद व्हायचे. यूपीआय आलं आणि तोही धरबंध सुटला. भोसरीत एक गृहस्थ अत्यंत गंभीर चेहऱ्याने दोनशे त्रेसष्टचं पेट्रोल मागताना मी ऐकले आहेत. पंपावरच्या पोरांना एकशे दहा इतकं अंगवळणी पडलंय, की चुकून कुणी शंभराचं मागितलंच तर ती 'बाहेरगावचे दिसताय' अशा नजरेने बघतात.

गंमत अशी, की मापात पाप असलंच तर ते आकड्यात नसतं. 2017 मध्ये ठाणे पोलिसांनी ठिकठिकाणच्या पंपांवर छापे घातले, तेव्हा मशीनच्या पोटात, पल्सर नावाच्या भागात, केलेली करामत सापडली. (पल्सर म्हणजे आपल्या चाकणची मोटारसायकल नव्हे; किती पेट्रोल गेलं ते मोजणारा भाग.) अशी करामत शंभराला ज्या हिशेबाने मारते, त्याच हिशेबाने दोनशे त्रेसष्टलाही मारते. खरा इलाज प्रत्येक पंपावर ठेवलेला असतो: वैधमापन खात्याचा शिक्का असलेलं पाच लिटरचं माप. कुठल्याही गिऱ्हाइकाला ते मागायचा हक्क आहे. पण मागे रांग भोंगे वाजवत असताना माप मागायला छाती लागते. 'एकशे दहा' म्हणायला काही लागत नाही. शिवाय त्यात एक सुख आहे. समोरच्याने आपल्याला फसवायचा घाट घातला होता आणि आपण तो उधळून लावला, हे सुख. त्यात वाचले किती, हा प्रश्न अरसिक माणसंच विचारतात.

हे सुख आपल्या पट्ट्यात एवढं का रुजलं, याचं उत्तर माझ्या मते 'कॉस्ट डाऊन'मध्ये आहे. वर गाडी बनवणारी बडी कंपनी, तिच्या खाली तिला पार्ट देणारा, त्याच्या खाली त्याला पार्ट देणारा, अशी ही उतरंड भोसरीच्या एका गाळ्यातल्या पॉवर प्रेसपर्यंत येऊन टेकते. दरवर्षी वरचा खालच्याला सांगतो, यंदा रेट कमी करा. बिचारा गाळेवाला एका वॉशरमागे पाच पैसे कुठून काढायचे याचा विचार करत रात्री घरी निघतो आणि वाटेत पंपावर थांबतो. त्याच्या खाली आता कुणीच उरलेलं नसतं, फक्त पंपावरचं पोरगं असतं. मग दिवसभर परचेसवाल्याकडून जे ऐकलेलं असतं, ते सगळं त्या पोराला ऐकावं लागतं.

निगडी प्राधिकरणात आमच्या ओळखीचे एक काका आहेत. सगळी नोकरी टूलरूममध्ये गेली. मिलिमीटरचा शंभरावा भाग त्यांना नुसत्या बोटाला कळतो असं म्हणतात, आणि हे म्हणणारे बहुतेक वेळा ते स्वतःच असतात. काकांचा पेट्रोल भरण्याचा विधी बघण्यासारखा असतो. ते आधी गाडीतून उतरतात. बसून पेट्रोल भरणारा माणूस त्यांच्या लेखी आंधळाच. मग पोरगं म्हणतं, "झिरो बघा, साहेब." हे वाक्य पोरगं दिवसभर हवेत सोडत असतं, काका ते एकटेच मनावर घेतात. चष्मा कपाळावर सरकवून ते झिरो बघतात. नुसता झिरो नाही, झिरोनंतरचे झिरोही. मग डेन्सिटी. पेट्रोलची घनता साधारण 720 ते 775च्या दरम्यान असायला हवी हे त्यांना पाठ आहे. त्यानंतर टाकी फुल.

"काका, कट झालं."

"कट झालं म्हणजे काय? फेस बसू दे की जरा."

"फेस कसला काका, उसाचा रस आहे का हा?"

काका उत्तर देत नाहीत. ते गाडी दोन्ही हातांनी गदागदा हलवतात, आतली हवा वर येऊ देतात आणि आणखी थोडं बसवतात. शेवटी पाइप उंच धरून त्यातले राहिलेले थेंब टाकीत निथळून घेतात. पावती घेतात. घरी आल्यावर वहीत तारीख, किलोमीटर, लिटर आणि अ‍ॅव्हरेज दशांशाच्या दोन स्थळांपर्यंत. 'टँक टू टँक' हीच एक खरी पद्धत, असं ते सांगतात, आणि शास्त्राने ते बरोबरच आहे. फक्त त्यासाठी दर वेळी तोच पंप आणि तेच नोझल लागतं. तो पंप चिखलीच्या पलीकडे आहे. काकू एकदा म्हणाल्या, "अहो, जायला-यायला जळतं ते पण लिहिता का वहीत?" काका म्हणाले, "रिपीटेबिलिटी नावाची एक गोष्ट असते." त्यांच्या घरातले बहुतेक वाद याच वाक्यावर संपतात.

याच काकांच्या पिढीने आकुर्डीत बनलेली स्कूटर आकुर्डीच्याच रस्त्यावर आडवी केलेली आहे. चेतक 1972 साली आली, आणि पेट्रोल रिझर्व्हच्याही खाली गेलं की तिला काय करायचं हे शाळकरी पोरालाही ठाऊक होतं. कार्बोरेटरकडे कलवायची, क्षणभर धरायची, उभी करायची, किक. नाहीच झालं, तर टाकीचं झाकण उघडून फुंकर. त्या एका कलण्यात स्कूटर पंपापर्यंत जायची. आता त्याच आकुर्डीत 2022 पासून विजेवरची चेतक बनते. ती कितीही आडवी केली तरी काही होत नाही.

दरांचा इतिहासही या भागाने अंगावर काढला आहे. जकातीच्या काळात महापालिकेच्या हद्दीत पेट्रोल थोडं महाग पडायचं, त्यामुळे आळंदीला दर्शनाला निघालेला भाविक टाकी रिकामी आणि मन भरलेलं ठेवून निघायचा. माउलींच्या चरणी डोकं टेकवायचं आणि येताना हद्दीबाहेर टाकी फुल करायची. 1 एप्रिल 2013 रोजी आपल्याकडची जकात गेली आणि भक्तीमधला हा एक आधार गेला.

त्याहून मोठा घाव 16 जून 2017 चा. त्या दिवसापासून देशभर रोज सकाळी 6 वाजता दर बदलायला लागले. त्याआधी पंधरवड्याने बदलायचे, आणि संध्याकाळी टीव्हीवर पट्टी फिरायची: 'आज मध्यरात्रीपासून पेट्रोल महागणार'. ती पट्टी फिरली की चिंचवडपासून दापोडीपर्यंत पंपांवर जत्रा भरायची. बर्म्युडावाले, गाऊनवर ओढणी घेतलेल्या वहिनी, झोपलेली पोरं मागच्या सीटवर. लिटरला दोन रुपये वाढणार असले, तर स्कूटरच्या टाकीत पाच लिटर मावतात म्हणजे दहा रुपये वाचणार. पण तासभर रांगेत उभं राहून बाराला पाच कमी असताना नंबर लागला, की अंगात जे बळ संचारायचं त्याची किंमत कशात करणार? शेजारी भेटायचे, लग्नं जुळायची, सरकारला यथेच्छ शिव्या घालून होत असत. रोज पाच-दहा पैसे हलायला लागले आणि रागही पाच-दहा पैशांचा झाला. पुढे पुढे तर दर हलेनासेच झाले. मार्च 2024 मध्ये दोन रुपये उतरले, त्यानंतर वर्षभराहून जास्त काळ आकडा ढिम्म. रागवायचं तरी कधी?

पेट्रोलच्या दरात आपण कशाकशाचे पैसे भरतो हे बघितलं तर माणूस उदार होतो. 2015 मध्ये राज्यात दुष्काळ पडला म्हणून लिटरमागे दोन रुपये जादा बसले. एप्रिल 2017 मध्ये महामार्गांलगतची दारूची दुकानं कोर्टाच्या आदेशाने बंद झाली, महसूल बुडाला, म्हणून पेट्रोलवर आणखी तीन रुपये. म्हणजे ज्याने आयुष्यात थेंबाला स्पर्श केला नाही, अशा मोशीच्या माळकऱ्याच्या गाडीनेही दारूबंदीची भरपाई भरली.

पहाटे पेट्रोल भरणाऱ्यांचा संप्रदाय वेगळाच. त्यांचं म्हणणं, पहाटे पेट्रोल थंड असतं, म्हणून घट्ट असतं, म्हणून जास्त भरतं. हे सांगणारा माणूस बहुतेक वेळा इंजिनिअर असतो, म्हणून ऐकून घ्यावं लागतं. पेट्रोल एक अंशाला साधारण हजारात एक भाग फुगतं हे खरं. पण पंपाची टाकी जमिनीत पुरलेली असते आणि तिथे पहाट किंवा दुपार झाल्याची खबर फारशी पोचत नाही. थोडक्यात, पहाटे पाचला उठून पेट्रोल भरल्याने फायदा होतो तो इतकाच, की रस्ता मोकळा मिळतो.

सीएनजीच्या बाबतीत मात्र या संप्रदायाकडे मुद्दा आहे. गॅस दाबाखाली भरतात, साधारण 200 बारवर, आणि भरताना तो तापतो. हवा गरम असेल तर त्याच दाबाला किलो कमी बसतो. गारव्यात जास्त बसतो. पैसे किलोवर असल्याने लुबाडणूक होत नाही, पण रेंज कमी पडते आणि पुन्हा लवकर रांगेत यावं लागतं. आणि रांगेत यावं लागणं म्हणजे काय, हे ज्याने एमएनजीएलच्या पंपाबाहेर रिक्षांच्या मागे नंबर लावला आहे त्याला सांगायला नको.

सीएनजीवाल्याचा पहिला प्रश्न दराचा नसतो. "प्रेशर आहे का?" हा असतो. हा प्रश्न तो पंपावरून बाहेर येणाऱ्या रिक्षावाल्याला चालत्या गाडीतून विचारतो, आणि रिक्षावाला नुसता पंजा हलवून उत्तर देतो. पंजा वर गेला तर थांबायचं, आडवा हलला तर पुढचा पंप. पेट्रोलवाल्यांना ही भाषा येत नाही. रांगेत लोक डबा खातात, हप्त्याचे फोन घेतात, पोराचा गृहपाठ करून घेतात. भर उन्हात गाडी बंद ठेवून बसणार कोण? म्हणून एसी चालू. एसी चालू म्हणजे इंजिन चालू. आणि सिलिंडर तर रिकामा, म्हणूनच आपण रांगेत; म्हणजे इंजिन चालू ते पेट्रोलवर. स्वस्त गॅस मिळवण्यासाठी तासभर महाग पेट्रोल जाळणारी ही रांग मी जेव्हा बघतो, तेव्हा मला आपल्या देशाचं अर्थकारण थोडंफार समजल्यासारखं वाटतं.

डिक्कीचं तर विचारूच नका. साठ लिटरचा सिलिंडर डिक्कीत बसला की उरलेल्या जागेत एक छत्री आणि स्टेपनीविषयीची चिंता, एवढंच मावतं. दिवाळीला गावी जाताना बायकोच्या मांडीवर बॅग, मुलाच्या मांडीवर फराळाचा डबा, आणि येताना सगळ्यांच्या मांडीवर मिळून बाजरीचं पोतं. यावर तोडगाही इथल्याच लोकांनी काढला. टाटांनी 2023 मध्ये अल्ट्रोझमध्ये एकाऐवजी दोन छोटे सिलिंडर तळाशी आडवे बसवून डिक्की परत दिली. बजाजने तर 5 जुलै 2024 ला पुण्यात सीएनजीवर चालणारी मोटारसायकलच बाजारात आणली, जगातली पहिली. सीटखाली दोन किलोचा सिलिंडर आणि जोडीला दोन लिटर पेट्रोल. आता रांगेत रिक्षांमधल्या फटीतून मोटारसायकलीही पुढे सरकतात. फट दिसली की पुढचं चाक घालायचं, हे तंत्र आपल्याकडे आधीपासूनच विकसित होतं.

कार्ड घासून पैसे वाचवणारे वाकडच्या बाजूला जास्त आढळतात. एक टक्का सरचार्ज, तो चारशे रुपयांच्या पुढे माफ, पण त्यावरचा जीएसटी माफ नाही, पॉइंट विशिष्ट कंपनीच्याच पंपावर, तेही महिन्याला अमुक मर्यादेपर्यंत. हा सगळा हिशेब ज्याला तोंडपाठ आहे, त्याला त्याच्या कंपनीने पगारवाढ का दिली नाही हे कळत नाही. नोटाबंदीनंतर डिसेंबर 2016 पासून डिजिटल पैसे देणाऱ्याला पाऊण टक्का सवलत मिळत होती. ऑक्टोबर 2019 मध्ये क्रेडिट कार्डवरची ती गेली, आणि या मंडळींच्या चेहऱ्यावर सुतकाची कळा आली.

खरं तर एका सोसायटीतून एकाच प्लांटला जाणारे चार जण एका गाडीत बसले, तर वरच्या सगळ्या युक्त्या कचऱ्यात टाकता येतील. प्रयत्न होतातही. व्हॉट्सअॅप ग्रुप निघतो, त्याला 'चाकण एक्स्प्रेस' असं नाव पडतं. पहिला आठवडा बरा जातो. मग कळतं की एकाला एसी सोसत नाही आणि दुसऱ्याला एसीशिवाय जमत नाही. तिसरा भजनं लावतो. चौथा रोज "दोनच मिनिटं, लिफ्टमध्ये आहे" असा मेसेज टाकतो, आणि तेव्हा तो दात घासत असतो. काँट्री काढायची वेळ आली की गाडीवाला म्हणतो, नुसतं पेट्रोल कसं? टायर, सर्व्हिसिंग, इन्शुरन्स धरा की. त्यावर मागे मधे बसणारा म्हणतो, मला पाय ठेवायला जागा नाही, मला डिस्काउंट. महिनाभरात चार माणसं चार गाड्यांतून एकामागोमाग एक बाहेर पडतात आणि गेटवर एकमेकांना हात करतात.

मग या चारही गाड्या चाकण रस्त्याला लागतात.

इथे एआरएआयचा उल्लेख करायला हवा. देशातली गाडी लिटरला किती चालते याचा दाखला देणारी ही संस्था पुण्यात, कोथरूडच्या टेकडीवर, 1966 पासून आहे, आणि तिचं एक केंद्र चाकणलाही आहे. मायलेजची चाचणी प्रयोगशाळेत होते. गाडी रोलरवर चढवतात, समोर पंखा, एसी बंद, आणि सुमारे वीस मिनिटांचं ठरलेलं चक्र: इतके सेकंद थांबायचं, इतका वेग घ्यायचा, जास्तीत जास्त ताशी 90. गाडी जागेवर असते आणि चाकं पळतात. चाकणच्या तळेगाव चौकात बरोबर उलटं असतं. चाकं जागेवर असतात आणि इंजिन पळतं. जाहिरातीतला आकडा आणि आपला आकडा यांच्यात जो फरक पडतो, तो या दोन ठिकाणांमधला आहे. त्यात कंपनीचा दोष नाही.

पुणे-नाशिक महामार्ग आणि तळेगाव-शिक्रापूर रस्ता या चौकात एकमेकांना कापतात. कंटेनर, नव्या कोऱ्या गाड्या लादलेले ट्रेलर, कंपनीच्या बसेस, टेम्पो, उसाची ट्रॉली आणि या सगळ्यांतून वाट काढणारा पल्सरवाला. पाळी सुटायच्या वेळेला मोशीपासून कुरुळीपर्यंत सगळं थिजून जातं. एसी लावून उभी असलेली पेट्रोल गाडी तासाला अर्धा ते एक लिटर सहज पिते. म्हणजे आठवडाभर एकशे दहा, डेन्सिटी, पहाट, पॉइंट करून ज्याने जे काही मिळवलं असेल, ते चिंबळी फाट्यापर्यंत संपलेलं असतं. तिथून पुढे तो तोट्यात. कारखान्यात हाच माणूस 'कायझेन'च्या बोर्डावर वाया जाणाऱ्या सेकंदांचे आलेख लावतो. लाइन दोन मिनिटं थांबली तर 'व्हाय-व्हाय' करून पाच कारणं काढतो. चौकात तास गेला तर एकच कारण काढतो, आणि ते छापता येत नाही.

चौकातून सुटलेला माणूस भोसरीच्या उड्डाणपुलावरून उतरताना गाडी न्यूट्रल करतो, तेवढंच वाचलं म्हणून. कार्बोरेटरच्या काळात ते ठीक होतं. आताच्या इंजेक्शनच्या गाड्या गिअरमध्ये असताना अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढला की इंधन आपोआप बंद करतात. न्यूट्रलला मात्र इंजिन चालू ठेवायला थोडं थोडं पाजावं लागतं. म्हणजे पूल उतरतानाही तोटाच. वर ब्रेकवर ताण.

या सगळ्या धांदलीत, त्याच रस्त्यावर, त्याच कोंडीत, कंपनीच्या बसमध्ये खिडकीशी एक माणूस मान टाकून गाढ झोपलेला असतो. तो लाइनवर आहे. दिवसभर गाड्याच बनवतो. त्याला पेट्रोलचा आजचा दर विचारा, सांगता येणार नाही. आपण आपल्या गाडीतून त्याच्याकडे बघतो, आपल्याला त्याची थोडी दया येते, आणि सिग्नलला पुन्हा एसी वाढवतो.

आता एक अगदी छोटी गोष्ट सांगून थांबतो. टायरमध्ये हवा कमी असली की गाडी जड जाते आणि पेट्रोल जास्त पिते, हे सगळ्यांना माहीत आहे. पंपावर हवा फुकट द्यायची असते, हेही बहुतेकांना माहीत आहे. पण फुकट वस्तूत 'कॉस्ट डाऊन' करता येत नाही, त्यामुळे तिकडे कुणी वळत नाही. उलट एकशे दहाचं पेट्रोल मोजून घेणारा माणूस पुढच्या दुकानात चाकामागे पैसे देऊन नायट्रोजन भरून घेतो. पंपावरच्या साध्या हवेत 78 टक्के नायट्रोजनच असतो. पंधरा दिवसांतून एकदा, टायर थंड असताना, भरून घेत चला.